वीस डॉलरचा दंड

"राहू द्या हो आता, या वयात तुम्हाला कोण जाब विचारायला येणार आहे?" सिस्टर बोलल्या त्या अगदी मायेनं बोलल्या. २०१९ चा मे महिना होता. ब्रिस्बेनमधल्या ज्या वृद्धाश्रमात मी तेव्हा फिजिओथेरपिस्ट म्हणून जात असे, तिथं निवडणुकीची माणसं फिरतं केंद्र घेऊन आली होती. केंद्र म्हणजे काय, तर दोन माणसं, एक सीलबंद पुठ्ठ्याची पेटी, याद्यांचं बाड आणि टेबलावर उभा करायचा पुठ्ठ्याचाच आडोसा. ज्याला उठवत नाही त्याच्या पलंगापर्यंत जाऊन मत घेत होती. अंकलचा गुडघा त्या दिवशी टम्म सुजला होता. (अंकल म्हणजे कुणाचे सख्खे काका नव्हेत. ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवासी वडीलधाऱ्यांना तिकडे असंच म्हणतात, आणि तिथं काम करणाऱ्या आम्हा भारतीय बायकांना ते शिकवावंही लागलं नाही.) मी बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसले होते. एवढी लांबलचक मतपत्रिका, त्यांचे थरथरते हात, त्यात नुकतंच झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सिस्टरना वाटलं, कशाला त्रास. अंकलनी वॉकरच्या दांडीवर तळहात आपटला. "मग मलाही दंड लावा," ते म्हणाले, "बाकीच्यांना लावता तसा."

खोलीत सगळे हसले. मीही हसले.

मग त्यांनी मत दिलं. जेवणाचं चाकांचं टेबल ओढून घेतलं, खालच्या सभागृहाची हिरवी मतपत्रिका आधी उरकली आणि वरच्या सभागृहाची, म्हणजे सिनेटची पांढरी, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबणारी मतपत्रिका पसरून बसले. तिकडे एका नावापुढे शिक्का मारून सुटका होत नाही. हिरव्या कागदावर प्रत्येक उमेदवाराला पसंतीचा क्रमांक द्यावा लागतो, नावडत्यालासुद्धा. तोही कितवा नावडता ते ठरवावं लागतं. सिनेटच्या कागदावर रेघेच्या वर निदान सहा पक्षांना क्रमांक द्यायचे, नाहीतर रेघेखाली निदान बारा उमेदवारांना. अंकल रेघेखाली गेले. शिसपेन्सिलीनं, एकेक आकडा कोरल्यासारखा काढत. मदतीला वाकलेल्या बाईंना त्यांनी नुसत्या कोपरानं मागं सारलं. बर्फ वितळून माझ्या बाहीत पाणी शिरलं तरी त्यांचं चाललंच होतं. दंड मागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ते वाक्य घरी घेऊन आले आणि ते डोक्यातून जाईना.

मला स्वतःला हा मतदानाच्या सक्तीचा, मत न दिल्यास वीस डॉलर दंडाचा प्रकार सुरुवातीला मुळीच पटला नव्हता. नागरिकत्वाचा समारंभ एका सभागृहात झाला, महापौर गळ्यात साखळी घालून आले, एक छोटं रोप हातात दिलं आणि बाहेर पडताना टेबलावर मतदार नोंदणीचा अर्ज तयार होता. समारंभ २६ जानेवारीला होता. शाळेच्या मैदानावर कडक इस्त्रीच्या गणवेशात झेंड्याला सलामी द्यायचा तो दिवस, त्याच दिवशी मी दुसऱ्या देशाची झाले. आणि त्याच दिवशी शहरात दुसरीकडे ॲबोरिजिनल लोक या तारखेचा निषेध करत मोर्चानं निघाले होते, कारण १७८८ साली याच दिवशी इंग्रजांनी सिडनीला झेंडा रोवला. एका तारखेवर किती ओझी असावीत! पोट भरेल इतका केक खाऊन मी अर्ज भरला. मतदान हा हक्क आहे असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकलेल्या मुलीला "न केल्यास दंड" हे वाचून जरा खटकलंच. आमच्या तासगावकडच्या भागात रस्ता झाला नाही, टँकर आला नाही की अख्खं गाव मतदानावर बहिष्कार टाकतं. तहसीलदार समजूत घालायला येतात, पेपरात चौकट येते. घरी बसणं हेही एक बोलणंच असतं, असं माझं मत होतं.

पहिल्यांदा मत द्यायला गेले ती पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, विजेचं बिल असं सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तीन प्रश्न विचारले: पूर्ण नाव काय, राहता कुठं, आणि या निवडणुकीत आधी मत दिलंय का. बस. यादीवर माझ्या नावासमोर रेघ मारली आणि कागद हातात. ओळखपत्र नाही, शाई नाही, दाराशी बंदूकधारी जवान नाही. शनिवार होता, निवडणूक नेहमी शनिवारीच असते. प्राथमिक शाळेच्या आवारात पालकांनी शेगडी मांडली होती, पावाच्या एका स्लाइसवर तव्यावरचं सॉसेज, वर परतलेला कांदा नि टोमॅटो सॉस, शाळेच्या निधीसाठी. या पदार्थाला तिकडे 'डेमोक्रसी सॉसेज' म्हणतात आणि २०१६ साली तो तिथला वर्षाचा शब्द ठरला होता. मी शाकाहारी, त्यामुळे माझ्या वाट्याला कांदा-पाव आला. मात्र तो कांदा करपायच्या बेतात आलेला, कडांना काळपट गोड, आणि त्याच्या वासावर रांग सरकत होती. फाटकापाशी एकमेकांच्या विरोधातल्या पक्षांचे स्वयंसेवक आपापली पत्रकं वाटता वाटता एकाच बाटलीतलं सनस्क्रीन लावून घेत होते. कुणी पोहण्याचा क्लास आटोपून ओल्या केसांच्या पोरांना घेऊन आलं होतं, कुणी कुत्र्याला घेऊन. आमच्याकडे मतदानाच्या दिवशी आजी पहाटे अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून, सातच्या ठोक्याला केंद्रावर हजर असायची आणि नंतर आठवडाभर शाई लागलेलं बोट मिरवायची. त्या थाटापुढं हे फारच साधं वाटलं. मला थोडं फसवल्यासारखंच झालं, खरं सांगायचं तर.

ही सक्ती आली तीही अशीच बिनगाजावाजा. १९२२ च्या निवडणुकीत साठ टक्केसुद्धा मतदान झालं नाही. मग टास्मानियाचे सिनेटर हर्बर्ट पेन यांनी १९२४ मध्ये खासगी विधेयक मांडलं आणि दोन्ही सभागृहांत फारशी चर्चा न होता, मतविभागणीही न होता ते पार पडलं. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, आकडा एक्क्याण्णव टक्क्यांवर गेला. तेव्हापासून तो नव्वदच्या खाली आला नव्हता. २०२२ मध्ये पहिल्यांदा किंचित घसरला तर तिकडे अग्रलेख निघाले. विरोध करणारे होतेच. अर्नेस्ट जड नावाचा एक समाजवादी होता. त्याचं म्हणणं, सगळेच पक्ष भांडवलशाहीचे, मी कुणालाच का निवडू? प्रकरण हाय कोर्टात (तिकडचं ते सर्वोच्च न्यायालय) गेलं आणि १९२६ मध्ये निकाल लागला की 'एकही उमेदवार पसंत नाही' हे घरी बसायला सबळ कारण होत नाही. एका न्यायमूर्तींनी, हिगिन्स त्यांचं नाव, वेगळं मत नोंदवलं. माझी सहानुभूती बरीच वर्षं जडकडेच होती. आपल्याकडं निदान २०१३ पासून 'नोटा'चं बटण आहे. तिकडे ते नाही. अर्थात आडोशामागं कोण काय लिहितं हे कुणाला कळणार? कोरा कागद पेटीत टाकणारे असतात, चित्रं काढणारे असतात, आणि वरून खाली एक-दोन-तीन असे डोळे मिटून आकडे लिहीत जाणारेही असतात.

मात्र बरीच वर्षं राहिल्यावर त्या सक्तीची दुसरी बाजू दिसायला लागली. लोकांवर येण्याची सक्ती केली की सरकारवर पोचण्याची सक्ती आपोआप येते. दंड लावायचा तर 'मला येताच आलं नाही' असं म्हणायला जागा ठेवून चालत नाही. म्हणून शनिवार. म्हणून दवाखान्यात, वृद्धाश्रमात पेट्या जातात, दूरच्या वस्त्यांवर छोट्या विमानानं माणसं जातात, अंटार्क्टिकातल्या संशोधन तळांवरही मतदान होतं. अमेरिकेत मंगळवारी, कामाच्या दिवशी मतदान असतं आणि काही भागांत लोक तासन्‌तास रांगेत उभे असतात, त्याच्या बातम्या आम्ही जेवणाच्या सुट्टीत पाहायचो तेव्हा माझ्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांना त्या परग्रहावरच्या वाटायच्या. कुठल्याही पक्षाला विरोधकांचा मतदार घरी बसवून जिंकता येत नाही, कारण घरी कुणी बसतच नाही. हे मला पटत गेलं. मात्र अंकलनी दंड का मागितला, ते एवढ्यानं उलगडत नव्हतं.

त्यासाठी १९०२ पर्यंत मागं जावं लागतं. त्या साली ऑस्ट्रेलियानं स्त्रियांना देशपातळीवर मताचा आणि उमेदवारीचाही हक्क दिला. इंग्लंड-अमेरिकेच्या कितीतरी आधी. त्याबद्दल तिकडच्या शाळांतून अभिमानानं शिकवतात आणि तो रास्तच आहे. त्याच कायद्याच्या एका कलमात लिहिलं होतं की ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका आणि न्यूझीलंड सोडून पॅसिफिकच्या बेटांवरचे मूळ रहिवासी यांना, काही थोडे अपवाद वगळता, मतदार यादीत घ्यायचं नाही. म्हणजे अंकलचे आजी-आजोबा आणि माझे, एकाच वाक्यात, स्वल्पविरामाच्या अंतरावर.

त्यातून आपण बाहेर कसे पडलो ही कथा फारशी कुणी सांगत नाही. १९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियात गेले होते. शास्त्री म्हणजे गोपाळ कृष्ण गोखल्यांनंतर भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले. पुण्यात डेक्कनवर, गोखले इन्स्टिट्यूटच्या आवारात त्या समाजाचं ठाणं आहे. शिकायला होते तेव्हा त्या झाडांच्या सावलीतून रोज सायकल काढायची मी, आणि तिथल्या एका माणसानं माझ्या ब्रिस्बेनच्या मतासाठी शंभर वर्षांपूर्वी भाषणं केली असतील हे स्वप्नातही आलं नसतं. शास्त्रींचं म्हणणं मवाळांच्या रीतीचं होतं: आम्हीही साम्राज्याचे प्रजाजन, मग तिथं स्थायिक झालेल्या भारतीयांना मत का नाही? मवाळांना आपण नेहमी अर्ज-विनंत्यांवरून हिणवतो. पुढं १९२४ मध्ये मेलबर्नला राहणारे मिट्टा बुलोश नावाचे एक भारतीय, आपलं नाव यादीत घ्या म्हणून कोर्टात गेले आणि जिंकले. सरकारनं वर अपील केलं, मग ते सोडून दिलं आणि १९२५ मध्ये कायदाच बदलला. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या, तिकडे राहणाऱ्या माणसांना मत मिळालं. त्या वेळी खुद्द हिंदुस्थानात मत होतं ते सारा भरणाऱ्या नि मिळकत असणाऱ्या मूठभरांना. म्हणजे एखादा पंजाबी फेरीवाला, ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलंडच्या धुळीत कापडाचं गाठोडं वाहत फिरत असेल, तर त्याला तिथं मत आणि इकडं त्याच्या भावाला नाही.

अंकलच्या लोकांसाठी कुणी साम्राज्याच्या परिषदेत ठराव मांडला नाही. महायुद्धात लढून आलेल्यांना आणि ज्यांना आपल्या राज्यात मत होतं त्यांना १९४९ मध्ये केंद्राचं मत मिळालं. क्वीन्सलंडमध्ये राज्याचंच नव्हतं, त्यामुळे तिथल्या बहुतेकांना काहीच मिळालं नाही. अंकल तिथल्याच एका सरकारी वसाहतीत जन्मले. व्यायाम करवून घेताना माणसं तुटक तुटक बोलतात, दहा वेळा पाय उचल म्हटलं की सातव्या वेळी काहीतरी आठवतं, तसं मला हे कळत गेलं. ॲबोरिजिनल लोकांचं जगणं सरकारच्या ताब्यात देणाऱ्या कायद्याला '१८९७ चा कायदा' असं ते कधी म्हणाले नाहीत. नुसतं "ॲक्टखाली होतो" म्हणायचे, जसं कुणी एखाद्या मालकाच्या हाताखाली होतो म्हणेल. वसाहतीबाहेर जायला परवानगी, लग्नाला परवानगी. तरुणपणी गुरांच्या मोठ्या फार्मवर घोड्यावरून गुरं वळायचं काम केलं, तर पगार सरकारी खात्यात जमा व्हायचा आणि स्वतःच्याच पैशातून बूट घ्यायला साहेबाच्या टेबलापुढं उभं राहायचं. त्या बुडालेल्या पगारांचा दावा थेट २०१९ मध्ये मिटला. क्वीन्सलंड सरकारनं एकोणीस कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. अंकलना त्यातलं काही मिळालं की नाही, मी विचारलं नाही. पैशाचं विचारायची हिंमत झाली नाही.

१९६२ मध्ये केंद्रानं सगळ्याच ॲबोरिजिनल लोकांना मत दिलं. क्वीन्सलंडनं राज्याच्या निवडणुकीसाठी १९६५ पर्यंत वेळ लावला. (१९६७ च्या सार्वमतानं मत मिळालं असं तिकडेही पुष्कळ जण सांगतात. त्या सार्वमतानं मिळालं ते जनगणनेत मोजलं जाणं आणि केंद्राला त्यांच्यासाठी कायदे करायची मुभा.) १९६२ च्या कायद्यात एक मेख होती. गोऱ्या माणसाला नाव नोंदवणं सक्तीचं आणि न नोंदवल्यास दंड. ॲबोरिजिनल माणसाला मात्र ऐच्छिक. वाटलं तर नोंदवा. एकदा अंकलनीच हे सांगितलं, पाय हवेत धरून: "त्यांना म्हणाले, आलंच पाहिजे. आम्हाला म्हणाले, आलात तर आलात." आपल्याकडे लग्नाचं बोलावणं कसं येतं ते ज्याला माहीत आहे त्याला यातला फरक समजावून सांगायला नको. घरी येऊन अक्षत देणारे वेगळे आणि रस्त्यात भेटल्यावर 'जमलं तर या' म्हणणारे वेगळे. या दुसऱ्या प्रकारच्यांकडं जेवायला गेलं तरी घास उतरत नाही. ऐच्छिक नोंदणी सक्तीची झाली ती १९८४ मध्ये. तोवर बावीस वर्षं गेली.

आणि त्याच १९८४ ची आणखी एक गंमत मला शेजारच्याच खोलीत सापडली. तिथल्या आजी मूळच्या मँचेस्टरच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर दहा पौंडांच्या तिकिटावर गोऱ्या इंग्रजांना ऑस्ट्रेलियात बोलावून घेत, त्या लाटेत आलेल्या. पन्नासहून जास्त वर्षं राहिल्या, नागरिकत्व कधी घेतलं नाही, "गरजच पडली नाही गं," म्हणायच्या. तरीही फिरती पेटी त्यांच्याकडे गेली. कारण २६ जानेवारी १९८४ च्या आधी यादीत असलेल्या ब्रिटिश प्रजाजनांचा मताधिकार ते परदेशी नागरिक राहिले तरी कायम ठेवला आहे. बाई शिष्ट नव्हत्या, मला प्रत्येक वेळी शॉर्टब्रेड द्यायच्या. त्यांनी मत देता देता मला विचारलं, यातला ग्रीन पक्ष म्हणजे तोच का, झाडांवाला? भिंतीच्या अलीकडे दंड मागणारे अंकल, पलीकडे या. दोघांच्या कागदाचं वजन सारखंच आणि ते तसंच असायला हवं, हे मी मनाला बजावलं. तरी मन काही तेवढं उदार झालं नाही.

अंकल २०२१ मध्ये गेले. १४ ऑक्टोबर २०२३ ला ॲबोरिजिनल लोकांना संसदेसमोर म्हणणं मांडायला घटनात्मक व्यासपीठ द्यावं की नाही यावर सार्वमत झालं तेव्हा ते नव्हते, आणि मला त्याचं बरंच वाटलं. तशीच शाळा, तीच शेगडी, तोच कांदा. मी 'येस' लिहिलं. देशभरात साठ टक्के लोकांनी 'नो' लिहिलं, एकूण एक राज्यानं नाकारलं आणि क्वीन्सलंडमध्ये नकार सगळ्यात जास्त, अडुसष्ट टक्के. मतदानाच्या आधी आमच्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा रंगली होती. "सगळे सारखे, मग यांना वेगळं कशाला?", "आपण नाही का शून्यातून आलो?", "फुकटचं मिळायची सवय लागते." ही वाक्यं मी आधी कुठं ऐकली होती ते वेगळं सांगत नाही, महाराष्ट्रात कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर प्रवेशाच्या दिवसांत जाऊन बसा. शास्त्री नि बुलोश यांच्या धडपडीवर ज्यांना मत मिळालं त्यांचे आम्ही वारसदार, आणि त्या मताचं आम्ही हे केलं. सक्तीनं माणूस केंद्रापर्यंत येतो. आत आल्यावर तो काय लिहील, हे त्यानं आयुष्यभर काय ऐकलंय यावर ठरतं. लोकसंख्येत तीन-चार टक्के असलेल्यांबद्दल उरलेल्यांनी, यायलाच लागतं म्हणून येऊन, एका सकाळी निकाल देऊन टाकला. तेव्हा जड आणि त्याचं घरी बसणं मला पुन्हा थोडं आठवलं.

इकडे माझं गावच्या यादीतलं नाव तसंच होतं. परदेशी नागरिक झाल्यावर ते राहता कामा नये, हे मला माहीत होतं आणि बाबांनाही. तरी ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "बघू पुढच्या वेळी." गेल्या वर्षी यादीची तपासणी करायला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणाऱ्या अधिकारी आल्या, गावातल्याच अंगणवाडीच्या ताई. बाबांनी नाव काढायचा सात नंबरचा फॉर्म भरला. रात्री फोनवर सांगत होते, ताईंनी चहा घेतला, तुझी चौकशी केली, वडीलधाऱ्यासारखं 'सुखात आहे ना' विचारलं, आणि फॉर्म तपासून पिशवीत ठेवला. मग जरा थांबून म्हणाले, "इतकी वर्षं यादीत आपलं आडनाव चुकीचं छापून यायचं ना गं, दर वेळी दुरुस्तीला द्यायचो. या फॉर्मवर मात्र तिनं एकदम बरोबर लिहिलं."

"आईचं नि तुमचं झालं का दुरुस्त?" मी विचारलं.

"अजून नाही," बाबा म्हणाले. "पण स्लिप येते दर वेळी घरी. त्याच चुकीच्या नावानं जाऊन देतो मत."